चाकावर टेकलेला हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींत बोलायचे म्हटले की घसा कोरडा पडतो. तरी आज एका चित्राविषयी दोन शब्द सांगते.

गोव्याच्या सहलीत आपण जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल पाहिले. ते संत कॅथरीनच्या नावाने आहे. पोर्तुगीजांनी २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा घेतला, तो तिच्या सणाचा दिवस होता. मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग सोनेरी कोरीव कामात दाखवले आहेत, ते आपल्याला आठवत असतील. ही बाई कोण, असे मी घरी आल्यावर धाकटीला विचारले. तिने मोबाईलवर शोधून इटलीच्या राफाएलने काढलेले तिचे चित्र दाखवले.

कथा अशी आहे. अलेक्झांड्रिया नगरीत कॅथरीन नावाची शिकलेली मुलगी होती. सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास पंडित बसवले. तिने सर्वांना निरुत्तर केले. मग तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचे ठरले, तर चाकच मोडले! शेवटी तिचा शिरच्छेद केला. ती खरोखर होऊन गेली की नाही, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण कथा शेकडो वर्षे टिकली.

राफाएलने हे चित्र सुमारे १५०७ साली, वयाच्या चोविशीत, लाकडी फळीवर तैलरंगात काढले. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची जेमतेम ७२ सेंटिमीटर. तेलात खललेला रंग सावकाश वाळतो, म्हणून एक छटा दुसरीत मिसळता येते. तिच्या मानेवरची सावली कोठे सुरू होते, ते सांगताच येत नाही.

चित्रात रक्त नाही, मारेकरी नाही. अंगावर तांबडे वस्त्र, त्याला पिवळे अस्तर. एक हात छातीवर, दृष्टी वर उजेडाकडे. आणि दुसरा हात? तो त्या चाकावर टेकला आहे, आपण दमून ओट्याला टेकतो ना, तसा. जे तिला मारायला आणले, त्याचाच तिने आधार केला!

हे पाहून मला माझीच लाज वाटली. थोरलीची बारावी झाली. तिला पुढे शिकायचे आहे. घरात स्थळाची बोलणी चालली होती आणि मी दाराआड चहाचे कप मोजत उभी. सातवी शिकलेलीने काय बोलावे, हेच माझे चाक. गेल्या महिन्यात मात्र मामंजींपुढे म्हटले, "माझे शिक्षण सातवीत थांबले, म्हणूनच सांगते. हिचे थांबवू नका." समोर पन्नास पंडित नव्हते, एकटे मामंजी होते, तरी पाय लटपटत होते.

मामंजी काही बोलले नाहीत. होकार अजून मिळालेला नाही. पण पाहुण्यांना येण्याचा निरोप गेलेला नाही, आणि थोरलीने प्रवेशाचा अर्ज भरून ठेवला आहे.

कोणाचे काही बोलायचे राहिले असेल, तर भगिनींनो, बोलून टाका.