नाक्यांच्या नावातली गावं

भाईंदर स्टेशनला पूर्वेकडे उतरून रिक्षावाल्याला ‘गावात चल’ म्हणालात, तर तो विचारेल, ‘कुठलं गाव?’ त्याचंही बरोबरच आहे. नवघर आता रस्ता झालाय, गोडदेव नाका झालाय आणि खारीगाव पत्त्यातली एक ओळ. पण ही तिन्ही गावं होती, आहेत. आगरी वस्तीची, भाताची आणि मिठाची.

मिठाचं आधी सांगतो. आगर म्हणजे मिठागर. आगरी हे नाव त्यावरूनच आलं, असं म्हणतात. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून कठीण करायचा, मग खाडीचं उधाणाचं पाणी आत घेऊन या वाफ्यातून त्या वाफ्यात खेळवायचं. उन्हानं ते घट्ट होत जातं आणि तळाशी मीठ धरतं. ते ओढून काठावर रास घालायची. हे सगळं अनवाणी, एप्रिल-मेच्या उन्हात, खारानं पाय चिरत असताना.

ठाणे-रायगडच्या आगरी गावांत कबड्डी एवढी का रुजली, याचं मला पटणारं उत्तर या पायांतच आहे. दुसरं उत्तर खिशात आहे. बॅट नको, बूट नकोत. फक्कीच्या चार रेघा, सात गडी आणि दम. भात कापून झालं की शेत हेच मैदान. याच मातीतल्या खेळाचं प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी दाखवलं, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदक मिळू लागलं. २०१४ पासून तो टीव्हीवर मॅटवर, बूट घालून खेळला जातो. चांगलं आहे, मला मात्र मातीत उठणारी धूळ दिसत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं.

मी इथं आलो ते १९८८ साली, परवडणारी जागा शोधत. त्याआधी तीनच वर्षं, १९८५ मध्ये, ग्रामपंचायती जाऊन नगरपरिषद झाली होती. २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ ला मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती, २०११ ला आठ लाखांवर गेली. म्हणजे गावकरी आपल्याच गावात मूठभर उरले. ती गर्दी आम्हीच. आमची इमारत ज्या जागी आहे, तिथं पूर्वी भात होतं.

मग गाव उरतं कुठं? देवळात उरतं, हळदीच्या गाण्यात उरतं आणि संघाच्या बनियनवर उरतं. पाठीवर गावाचं नाव असतं ना, तिथं.

इथं मला आयर्लंडची आठवण होते. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या छोट्या शहरात मायकेल क्युसॅक आणि त्याच्या सोबत्यांनी आयरिश खेळांची संघटना काढली. हर्लिंग म्हणजे काठीनं चेंडू मारायचा फार जुना खेळ. तो आणि त्यांचा फुटबॉल तिथं खेड्याखेड्यातले क्लब चालवतात. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर खेळणाराही मानधनावर जगत नाही. सोमवारी तो शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात जातो. आणि क्लब साधारणपणे आपण राहतो त्या गावाचा. आईबाप कुठून आले, हे विचारत नाहीत. तिथं वाढलेलं परदेशी कुटुंबातलं पोरही त्या गावाचंच.

आमच्याकडे हा प्रश्न अवघड होता. माझा मुलगा बिल्डिंगीतला, आमचं मूळ साताऱ्याकडचं. तो सरावाला गेला तेव्हा कडेला बसलेल्या काहींना ते रुचलं नव्हतं. ‘बाहेरचा कशाला?’ त्यांचा राग मी समजू शकतो. जमीन गेली, मिठागर गेलं, आता संघही द्यायचा? पण गोडदेवचे एक जुने खेळाडू एवढंच म्हणाले, ‘दम हाय का त्याला? मंग खेलू दे.’ चार मोसम तो खेळला, गावाचं नाव पाठीवर घेऊन. आज गल्लीत त्याला लोक त्या नावानंच ओळखतात.

अडचण आता जागेची आहे. जिथं मोकळं दिसतं तिथं संध्याकाळी गाड्या लागतात, नाहीतर लग्नाचा मांडव पडतो. बागा होतात, त्यात पेव्हर ब्लॉक बसतात. पेव्हर ब्लॉकवर पकड करून पाहा म्हणजे कळेल! जुन्या गावठाणांचा वारसा म्हणून कमानी उभारण्याआधी प्रत्येक गावाला तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद एवढी माती आणि तिच्याभोवती पाय सोडून बसायला थोडी जागा मिळावी. दिव्याच्या खांबासाठी वर्गणी आम्ही बिल्डिंगवाले काढू.