विमानांतील डावी खुर्ची

प्रवासी विमानाच्या चालककक्षांत दोन खुर्च्या असतात. डावीकडे कप्तान बसतो आणि उजवीकडे त्याचा साहाय्यक. विमान दोघांनाही चालवितां येतें. तरी उजवीकडून डावीकडे जावयास कित्येकदां दहा-दहा वर्षें लागतात. हें अंतर कौशल्यानें कमी आणि ज्येष्ठतेच्या यादीनें अधिक मोजलें जातें.

अमेरिकेंतील मोठ्या विमान-कंपन्यांत नोकरीस लागतांच वैमानिकाला या यादींत एक क्रमांक मिळतो. कप्तानपद, मोठें विमान, मुक्कामाचें ठाणें, महिन्याच्या फेऱ्या, नाताळची सुटी, सर्व कांहीं त्यावरून ठरतें. मंदी आली तर कपातही यादीच्या तळापासून होते. वकिलाची ख्याति त्याच्याबरोबर गांव बदलते. वैमानिकाचा क्रमांक मात्र कंपनीच्या उंबरठ्याबाहेर जात नाहीं. वीस वर्षांचा अनुभवी माणूसही दुसरीकडे गेल्यास नवागतांच्या मागें उभा राहतो. म्हणून दोन कंपन्या एक झाल्या कीं दोन याद्या एकत्र कशा करावयाच्या, हा प्रश्न हजारों घरांच्या भवितव्याचा होऊन बसतो.

२००५ सालीं यू. एस. एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या दोन कंपन्यांचें विलीनीकरण झालें. पहिली पूर्वेकडील, जुनी, पण २००२ आणि २००४ असें दोनदां दिवाळें निघालेली. तिच्या वैमानिकांचें वेतन कापलें गेलें होतें, निवृत्तिवेतनाची योजना २००३ सालीं बुडाली होती आणि शेंकडों वैमानिक घरीं बसले होते. दुसरी ॲरिझोनांतील, वयानें लहान, पण चालती. नव्या संसाराला नांव पूर्वेचें मिळालें आणि कारभारी पश्चिमेचे आले.

पूर्वेचे वैमानिक म्हणाले, “नोकरीस लागल्याची तारीख हाच खरा न्याय.” पश्चिमेचे म्हणाले, “तुमची कंपनी बुडत होती. आमच्या आधारानें ती तरली. जी खुर्ची तुमच्यापाशीं उरलीच नव्हती, ती आमच्याकडून कां घेतां?” दोन्ही बोलण्यांत सत्य होतें, आणि तंटा मिटण्यास कठीण होता तो त्यामुळेंच.

दोन्ही गट तेव्हां एकाच वैमानिक-संघटनेचे सभासद होते. वाटाघाटी फसल्यास लवादाचा निवाडा बंधनकारक, असा तिचा नियम होता. जॉर्ज निकोलाऊ या अनुभवी लवादानें मे २००७ मध्यें निवाडा दिला. मोठीं आंतरराष्ट्रीय विमानें फक्त पूर्वेकडे होतीं. म्हणून तेथील ५१७ वैमानिक यादीच्या अग्रभागीं ठेवले. पुढील कामावर असलेले दोन्हीकडचे वैमानिक प्रमाणानें एकमेकांत गुंफले आणि विलीनीकरणाच्या वेळीं घरीं बसलेले तळाशीं घातले. परिणामीं सोळा-सतरा वर्षांपूर्वीं लागलेला पूर्वेचा माणूस पश्चिमेच्या अगदीं नवख्या तरुणाच्याही खालीं गेला.

पूर्वेकडे संताप उसळला. संख्याबळ त्यांचें होतें. २००८ सालीं त्यांनीं मतदानानें जुनी संघटना दूर सारून नवी आणली. तारखेप्रमाणें ज्येष्ठता हें तिचें ब्रीदच होतें. वाटणीसाठीं पंच नेमतांना दोन्ही भाऊ मान डोलावतात आणि निवाडा ऐकल्यावर एकजण वेगळी वाट धरतो, तसाच हा प्रकार. पश्चिमेचे वैमानिक न्यायालयांत गेले. २००९ सालीं फीनिक्स येथील ज्यूरीनें त्यांच्या बाजूनें कौल दिला. २०१० सालीं वरिष्ठ न्यायालयानें ‘दावा वेळेआधींच आणला’ म्हणून तो फिरविला.

दरम्यान एकच नांव रंगविलेल्या विमानांतून दोन गट वेगवेगळे उडत राहिले. समाईक वेतनकरार न झाल्यामुळें पूर्वेचे वैमानिक दिवाळ्याच्या काळांतील तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षें राहिले. क्रमांक राखण्यासाठीं त्यांनीं घरखर्चाची किंमत मोजली. पश्चिमेचे तरुण हातांतील निवाडा कागदावरच राहिलेला पाहत प्रौढ झाले. त्यांतच २००७ च्या अखेरीस अमेरिकेनें वैमानिकांची निवृत्तीची वयोमर्यादा साठाची पासष्ट केली, आणि डावी खुर्ची आणखी दूर गेली. २०१३ सालीं ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्सशीं जोडली गेली. २०१५ सालीं न्यायालयानें नव्या संघटनेनें पश्चिमेच्या सभासदांशीं कर्तव्यभंग केल्याचें ठरविलें, आणि २०१६ सालीं तीन लवादांच्या मंडळानें अखेर सर्वांची एक यादी केली. पहिल्या विलीनीकरणास तोंवर अकरा वर्षें लोटलीं होतीं. कित्येक वैमानिक मध्यंतरीं निवृत्तही झाले होते.

मुंबईलाही हा प्रश्न अपरिचित नाहीं. २००७ सालीं एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या; नव्या बोइंग ७८७ विमानांचें शिक्षण कोणाला द्यावयाचें, यावरून २०१२ सालीं मे ते जुलै असा अठ्ठावन्न दिवस संप चालला.

विलीनीकरणांत विमानें मोजतां येतात, कर्जें मोजतां येतात. माणसानें घालविलेलीं वर्षें आणि त्याची उद्यांची आशा यांना मात्र एकच तराजू नाहीं. कोणताही पंच एकाला दुखविल्यावांचून यादी करूं शकत नाहीं. परंतु आधीं मान्य केलेला निवाडा मोडला, तर दुःख वांटलें जात नाहीं. तें दोघांनाही पूर्णच्या पूर्ण भोगावें लागतें.