परिचर्येच्या शिक्षणातील तासांचा हिशेब

(शिंदखेडा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा या पट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची किंवा शेतमजुराची मुलगी बारावी झाली की पुढे काय, हा प्रश्न घरात निघतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा ‘नर्सिंग’ असे येते. त्यामागचे अर्थशास्त्र सरळ आहे. कापसाचा भाव आणि पावसाचा नेम यांवर विसंबलेल्या घराला निदान एक पगार ठरलेला हवा असतो. त्यासाठी कर्ज काढून शुल्क भरले जाते. या शुल्काच्या बदल्यात मुलीला जे मिळायचे त्याचा मोठा भाग वर्गात मिळत नाही, वॉर्डात मिळतो. वॉर्डातील या शिक्षणाची नोंद ठेवण्यासाठी आता सॉफ्टवेअर वापरले जाऊ लागले आहे. विषय तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो श्रमाच्या हिशेबाचा आहे, म्हणून अभ्यासवर्गात तो घेणे अस्थानी ठरू नये.

आजवर ही नोंद तीन कागदांवर होत आली: फेरपाळीचा तक्ता, हजेरीपट आणि विद्यार्थिनीचे केसबुक. २०२१ साली बी.एस्सी. परिचर्येचा अभ्यासक्रम बदलून सत्रपद्धती आली व श्रेयांक आले. वॉर्डातील ८० तासांना एक श्रेयांक, असे त्याचे माप आहे. त्यापूर्वीच्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने २० सुलभ प्रसूती स्वतः कराव्यात, अशी अपेक्षा होती. चाळीस मुलींच्या एका तुकडीला म्हणजे ८०० प्रसूती हव्यात. एखाद्या रुग्णालयात रोज दोन प्रसूती होतात असे धरले, तरी वर्षाच्या ७३० होतात. आणि त्याही एकाच तुकडीच्या वाट्याला येत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचे दुसरे प्रमाण एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्णांचे आहे. ग्रामीण रुग्णालय म्हणजे नियमाने ३० खाटा. त्यातल्या पाऊणशे टक्के भरलेल्या असल्या तरी बावीस-तेवीस रुग्ण, म्हणजे एका वेळी सातच मुलींची सोय! संलग्न रुग्णालय संस्थेपासून साधारणतः ३० किलोमीटरच्या आत असावे, असाही दंडक आहे. शिंदखेड्याहून धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय त्या अंतराच्या पलीकडे पडते. एस.टी.त जाणारे तास तर कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

गणित जुळत नसले की ते कागदावर जुळविले जाते. एका प्रसूतीभोवती चार मुली उभ्या राहतात आणि चौघींच्या केसबुकात ती स्वतः केलेली म्हणून उतरते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वसतिगृहात रात्री जागून केसबुके पुरी होतात. याचा दोष मुलींना देणे अन्यायाचे आहे. त्यांना रुग्णच पुरेसे मिळालेले नसतात.

ही शंका अवास्तव नाही, याचा पुरावा फार दूर शोधायला नको. तापी ओलांडली की शिरपूर, आणि पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेश. तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतेविषयीच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने ३०८ महाविद्यालयांची पाहणी केली आणि २०२४ च्या आरंभी त्यांपैकी १६९ योग्य असल्याचे कळविले. पुढे मे २०२४ मध्ये तपास यंत्रणेच्याच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, आणि योग्य ठरलेल्या संस्थांचीही फेरतपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. तपासणी करणाऱ्याचीच तपासणी करावी लागली, ती अशी.

आता सॉफ्टवेअर यात काय करू शकते? कोणती मुलगी कोणत्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात, हे ते ठरवून देते. तिचे तास मोजते. कॅथेटर घालणे, शिरेतून सलाईन लावणे, नवजात बालकाचे वजन घेणे अशा प्रत्येक कौशल्यापुढे तिने किती वेळा पाहिले, किती वेळा साहाय्य केले, किती वेळा स्वतः केले, याची नोंद ठेवते, आणि पाठ्यनिर्देशिका त्या नोंदीवर आपली मान्यता देते. कागदापेक्षा त्याचा एक गुण निर्विवाद आहे. नोंद केव्हा केली गेली, हे ते विसरत नाही. एका रात्रीत भरलेल्या वीस प्रसूती तेथे एका रात्रीत भरलेल्याच दिसतात, अर्थात ती वेळ पुसण्याचा अधिकार संस्थाचालकाच्या हाती नसेल तर.

हा ‘तर’ महत्त्वाचा आहे. सॉफ्टवेअर विकत घेते संस्था आणि विकणाराही तिचेच समाधान पाहतो. त्यामुळे विद्यार्थिनी कुठे आहे, हे मोबाईलवरून पाहण्याची सोय त्यात हौसेने असते. पाठ्यनिर्देशिका कुठे आहे, हे पाहण्याची असेलच असे नाही. दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक, हे परिषदेचे प्रमाण. चाळीस मुली चार रुग्णालयांत विखुरल्या, तर प्रत्येक ठिकाणी एक पाठ्यनिर्देशिका उभी असली पाहिजे. ती नसेल तेव्हा मुलगी काय करते? अधिपरिचारिकेची पदे रिक्त असतात, रात्रपाळीला एकटी परिचारिका चाळीस रुग्ण सांभाळत असते, आणि समोर गणवेशातील दोन तरुण हात असतात. ते हात कामाला लागतात. त्यात त्या परिचारिकेचाही दोष नाही. तथापि तो तास शिक्षणाचा म्हणून नोंदला जातो. त्याचे शुल्क मुलीने भरलेले असते आणि काम मात्र रुग्णालयाला फुकट मिळते. अशा दुहेरी उत्पन्नाचा तास अन्य कोणत्या धंद्यात क्वचितच सापडेल.

हे दुखणे जुने आहे. भोर समितीने १९४६ साली देशात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असे मोजले होते. तुटवडा असला की शिकाऊ मुलींनी वॉर्ड चालवायचा, ही रीत तेव्हापासून मुरलेली आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने दर वर्षी १२ मे रोजी मेणबत्त्या लागतात. पण १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील तिची शाळा लोकवर्गणीच्या स्वतंत्र निधीतून उभी राहिली होती, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडे ठेवावेत असा प्रस्ताव तिने मांडला होता, याची आठवण त्या दिवशी सहसा कोणी काढत नाही. दिव्यापेक्षा तिचा तक्ता अधिक कामाचा होता.

म्हणून सॉफ्टवेअरला विरोध करण्याचे कारण नाही. त्यातील रकाने कोण आखतो, यावर मात्र संघटनेचे लक्ष हवे. ‘हजर’ या एका रकान्याशेजारी दुसरा रकाना हवा: त्या तासाला शेजारी कोण उभे होते. शिकविणारे कोणी नसेल तर तो तास श्रेयांकात धरू नये, आणि विद्यार्थिनीने केलेल्या कामाचे विद्यावेतन रुग्णालयाने द्यावे. प्रसूतीच्या नोंदी रुग्णालयाच्या प्रसूती नोंदवहीतील एकूण आकड्याशी दरमहा ताडून पाहाव्यात; महिन्यात साठ प्रसूती झाल्या असतील तर केसबुकांत दोनशे कशा, हे यंत्राला तत्काळ विचारता येते. रुग्णाचे नाव त्यात कुठेही नसावे. आणि पडदा इंग्रजीतच का असावा? घरी अहिराणी बोलणारी मुलगी ‘माले चक्कर येस’ म्हणणाऱ्या म्हातारीचे ऐकून रक्तदाब तपासते. या समजुतीला एकाही सॉफ्टवेअरमध्ये चौकट नाही, निदान तिची नोंद तरी तिला मराठीत करता यावी.

सिम्युलेशनचा, म्हणजे पुतळ्यावरील सरावाचा, पर्याय पुढे केला जातो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत वॉर्डातील निम्म्यापर्यंत तास अशा सरावाने भरून निघू शकतात, असे आढळले. पण तेथे तो सराव शिकविणारे प्रशिक्षित शिक्षक व सुसज्ज साधने होती. कुलूपबंद खोलीतील पुतळ्याला तो निष्कर्ष लागू होत नाही.

२०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संमत केला. त्यात संस्थांचे मूल्यांकन व मानांकन करणारे मंडळ आहे. कार्यकर्त्यांनी लावून धरण्याजोगी मागणी येथेच आहे: हे मानांकन एका दिवसाच्या पाहणीवर न होता वर्षभराच्या नोंदींवर व्हावे, त्यांची बेरीज जनतेला पाहता यावी, आणि प्रत्येक मुलीच्या नोंदीची प्रत तिच्या स्वतःच्या हाती असावी. संस्थेने शुल्काच्या थकबाकीसाठी प्रमाणपत्र अडविले किंवा संस्थाच बंद पडली, तरी तिने किती तास कुठे काम केले, हे तिला दाखविता आले पाहिजे. तूर्त तालुक्यातील परिचर्येच्या विद्यार्थिनींच्या पालकांची एक बैठक बोलावून, मुलींची केसबुके कोणाच्या कपाटात राहतात, एवढे विचारले तरी कामाला सुरुवात होईल.