फार शांत आकडा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



“तू नक्की करतेस तरी काय गं?” असं सकाळपासून चहाच्या टेबलाशी पाच जणांनी विचारलं. माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी सॉफ्टवेअरची. अतिसूक्ष्म व्होल्टेज मोजणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम मी लिहिते. आमचं रोजचं भांडण थर्मल नॉइजशी, म्हणजे उष्णतेच्या खरखरीशी.

रेझिस्टर कशालाही न जोडता नुसता टेबलावर ठेवा. तरी त्याच्या दोन टोकांत किंचित व्होल्टेज थरथरत असतं, कारण उष्णतेमुळे आतले इलेक्ट्रॉन सतत धडपडत असतात. बेल लॅब्जमध्ये जॉन्सन यांनी ते मोजलं, नायक्विस्ट यांनी गणित मांडलं. दोघांचे शोधनिबंध १९२८ साली आले. ही खरखर तापमान, रेझिस्टन्स आणि बँडविड्थ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. वर्गमुळामुळेच सगळी पंचाईत! रेझिस्टर द्रव नायट्रोजनात, उणे १९६ अंशांवर नेला, तरी ती जेमतेम निम्मी होते. उलट १०० रीडिंगची सरासरी घेतली, तर दहावा हिस्सा उरते.

नोकरीच्या सुरुवातीला मी तेच केलं. प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या आणि स्क्रीनवरचा आकडा हलायचा थांबला. शाबासकी मिळाली. महिन्याभराने ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या नमुन्यात क्षणभर येणारी उसळी आमच्या यंत्रावर दिसतच नव्हती. खरखरीबरोबर मी खरी गोष्टही पुसून टाकली होती.

उपाय काढला हार्डवेअरच्या सहकाऱ्याने. यंत्राच्या तोंडाशीच संरक्षणासाठी १ मेगाओहमचा रेझिस्टर होता. त्याने संरक्षणाची वेगळी सोय केली आणि तिथे १० किलोओहमचा बसवला. रेझिस्टन्स शंभरपट उतरला, त्याची खरखर दहापट उतरली, आणि माझी लांबलचक सरासरी काढून टाकता आली. उसळी दिसू लागली.

त्या रात्री मला आपल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. लंबकाच्या प्रयोगात माझी तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी होती, कारण दोन मी पहिल्यावरून उतरवली होती. बाई रागावल्या नाहीत. वही परत देत एवढंच म्हणाल्या, “इतकं सारखं येत नसतं. पुन्हा मोज.”

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आकडा फार शांत दिसला, की मी अजूनही पुन्हा मोजते.