व्रणोपचारात शर्करेचे स्थान



मुरांबा वर्षभर का टिकतो, हा प्रश्न घरातील एखाद्या वृद्ध स्त्रीला विचारून पाहा. पाक पक्का झाला असेल तर बुरशी धरत नाही, असे ती सांगेल. तिचे उत्तर अगदी बरोबर आहे, आणि आजच्या विषयाचे बीजही त्यातच आहे. जो पदार्थ फळाला कुजू देत नाही, तो माणसाच्या जखमेला उपयोगी पडेल काय?

१९८० साली अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस येथे लेओन हेर्सागे या शल्यचिकित्सकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १२० रुग्णांच्या चिघळलेल्या जखमांत बाजारात मिळणारी साधी साखर भरली. एका दिवसात दुर्गंधी व स्राव कमी होऊ लागल्याचे त्यांना आढळले. या अनुभवामागील शास्त्र उलगडण्यास हातभार लावणारा होर्खे चिरिफे हा अन्नशास्त्रज्ञ होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अन्न टिकवण्याचा नियमच येथे लागू होत होता.

तो नियम असा. जंतूंना वाढीसाठी मोकळे पाणी लागते. शुद्ध पाण्याची ‘जलक्रियता’ १ मानली, तर जखमेत नेहमी आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सुमारे ०.८६ च्या खाली वाढू शकत नाही. साखरेचा संपृक्त पाक जेमतेम या मर्यादेपर्यंत पोहोचतो. म्हणजे जखमेतील स्रावाने पाक पातळ झाला, की जंतूंना पुन्हा रान मोकळे होते. यासाठी साखर वरचेवर बदलावी लागते. साखर स्वस्त आहे. ती बदलणाऱ्या हातांचे श्रम मात्र स्वस्त नाहीत, हे येथेच नमूद करून ठेवतो.

मधाची कहाणी याहून पुष्कळ जुनी. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या इजिप्तमधील एका शल्यविषयक पपायरसात जखमेवर मध व चरबी लावण्यास सांगितले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने व्रणासाठी मध आणि तूप यांची योजना केली आहे. मधात साखरेचा गुण तर असतोच. शिवाय मधमाशीने त्यात मिसळलेले एक विकर मध थोडा पातळ झाला की मंद गतीने हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. पातळ झाल्यावर साखरेचे बळ सरते, मधाचे दुसरे बळ मात्र त्या वेळी जागे होते.

१९९१ साली महाराष्ट्रातील सोलापूर येथील डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ जणांना मध, तर ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायाझिन हे प्रचलित मलम लावले होते. पंधरा दिवसांत मध लावलेल्यांपैकी ८७ टक्के बरे झाले. मलम लावलेल्यांपैकी केवळ १० टक्के. हे आकडे ऐकून कोणीही हरखून जाईल. पण असे आकडे समोर आले, की आपण दुसरा प्रश्न विचारावयास हवा : प्रतिस्पर्धी कोण होता? त्या मलमाने जखम भरण्यास उलट विलंब लागत असावा, असे पुढे अनेकांचे मत झाले. मग विजय कितपत मधाचा आणि कितपत मलमाच्या दुबळेपणाचा? २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. भाजल्याच्या उथळ जखमा मधाने अधिक लवकर भरतात, असे त्यात दिसले. इतर बहुतेक जखमांबाबत मात्र ठाम निष्कर्ष काढता आला नाही.

आता एक शंका आपल्या मनात आली असेल. साखर पाणी ओढून घेते. मग जखम कोरडी करणे हाच उपचार काय? तसे नाही. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचे पातळ आवरण घातले, तेव्हा उघड्या जखमांपेक्षा तेथे नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने आली. पुवाने भरलेल्या जखमेतील पाणी काढावे लागते. स्वच्छ झालेल्या जखमेतील ओल राखावी लागते. कर्बोदकांच्या कुळात या दोन्ही कामांचे जाणकार आहेत.

तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट त्यांपैकी एक. त्याच्या कॅल्शियमयुक्त तंतूंची पट्टी स्रावात भिजली, की कॅल्शियम बाहेर पडते, सोडियम आत येते आणि तंतूंचा मऊ, ओलसर लगदा बनतो. पट्टी काढताना कोवळी त्वचा ओरबाडली जात नाही. कोळंबीच्या टरफलांतील कायटिनापासून कायटोसान करतात. त्यावरील धन विद्युत्‌भार तांबड्या रक्तपेशींना खेचून घेतो आणि रक्तस्राव थांबण्यास मदत होते. आणि १९३४ मध्ये कार्ल मायर व जॉन पामर यांनी बैलाच्या डोळ्यातून वेगळे काढलेले हायालुरोनिक अम्ल तर आपल्या त्वचेतच असते. ते पाणी धरून ठेवते आणि नव्या पेशींना वाट करून देते. जखम भरताना शरीर स्वतःच कर्बोदकाचा आश्रय घेते, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही स्वयंपाकघरातील बरणी उघडून कोणी उपचार सुरू करू नयेत. कच्च्या मधात घातक जंतूंची बीजे असू शकतात. रुग्णालयात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. मधुमेही रुग्णाच्या पायाचा रक्तपुरवठाच खुंटला असेल, तर कितीही साखर भरली तरी तेथे रक्त येणार नाही. हाडापर्यंत गेलेला पू आणि मृत मांस शल्यचिकित्सकानेच काढावयास हवे.

घरगुती म्हणून एखादा पदार्थ तुच्छ ठरत नाही, आणि पुरातन म्हणून तो सिद्धही होत नाही. ज्या रुग्णाला महागडी पट्टी परवडत नाही, त्याच्यासाठी साखर आणि मध यांची कसून परीक्षा होणे अगत्याचे आहे. परंतु परीक्षेत ती उतरली, तरी जखम रोज धुणारी, पट्टी वेळेवर बदलणारी परिचारिका त्या रुग्णापर्यंत पोहोचली पाहिजे. ती पोहोचली नाही, तर साखरेचे पुन्हा पाणीच होणार.