शेजारी फवारतो, आपली कपाशी वाकडी होते

जुलै आला की एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोच. कपाशीचा शेंडा, पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, आणि खाली प्रश्न : "भाऊ, हा कोणता व्हायरस?" बऱ्याचदा तो व्हायरस नसतोच. ते असतं टू-फोर-डी.

हे तणनाशक 1940 च्या दशकातलं, महायुद्धाच्या काळात शोधलेलं. झाडाची वाढ ऑक्सिन नावाच्या संप्रेरकावर चालते, त्याची ही नक्कल. गाजरगवतासारखं रुंद पानाचं तण त्याने वेडंवाकडं वाढतं आणि मरतं. मका, ज्वारी, गहू गवताच्या कुळातले, म्हणून तरतात. (हराळीही त्याच कुळातली, तीही तरते. असो.) कपाशी मात्र रुंद पानाची, आणि या औषधाला फारच हळवी.

आता आपलं खान्देश बघा. चोपडा घ्या नाहीतर शिरपूर, बांधाच्या अलीकडे कपाशी, पलीकडे मका. मक्यात फवारलं की थेंब वाऱ्याने इकडे येतात. त्यात डब्यावर 'इथाइल इस्टर' लिहिलेलं असेल तर फवारणी झाल्यावरही त्याची वाफ उडते. अमाइन सॉल्टची वाफ कमी, पण थेंब त्याचेही उडतातच.

ओळखायचं कसं? शेंड्याची नवी पानं अरुंद, शिरा फिकट, देठ पिळलेले. खालची जुनी पानं मात्र बरी. तुडतुड्यांमध्ये पानाच्या कडा पिवळ्या पडून वळतात, ते वेगळं. बांधाकडच्या ओळींत जास्त आणि आत कमी, म्हणजे वाऱ्याने आलं. सगळ्या शेतात सारखं दिसलं तर आधी स्वतःचा पंप बघा. नुसता पाण्याने विसळलेला पंप, त्यातला राहिलेला अंशही कपाशीला पुरतो. माझं मत सरळ आहे : तणनाशकाचा पंप वेगळाच पाहिजे, वर रंगाचा पट्टा मारलेला.

आणि चोरून येणारं 'एचटीबीटी' पेरलं असेल, तर ते ग्लायफोसेट सोसतं, टू-फोर-डी नाही.

फटका हलका असेल तर पुढची पानं नीट येतात, फक्त पातं-फूल लांबतं. व्हायरस समजून महागडं औषध मारू नका. आधी बांधाकडच्या ओळींचे तारखेसह फोटो काढा, शेजाऱ्याला डबा दाखवायला सांगा. भांडण नको असेल तर मक्यात फवारायच्या आदल्या दिवशीच त्याला फोन करा : "दादा, वारा पडल्यावर मार, आणि इस्टर आणू नको."