न दुखणारी गाठ

ऐन तारुण्यात मांडीत किंवा गुडघ्याजवळ एखादी गाठ येते. ती बहुधा दुखत नाही आणि इतकी सावकाश वाढते की, वर्ष-दोन वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. 'दुखत नाही, मग राहू द्या,' असे घरची मंडळी म्हणतात. धोका असतो तो येथेच. सायनोव्हियल सार्कोमा हा मृदू ऊतींचा दुर्मिळ कर्करोग पुष्कळदा अशाच सोज्ज्वळ रूपाने येतो. त्याचे नावही फसवे आहे. सांध्याच्या अस्तरातून तो उद्भवत नाही. सांध्यांच्या आसपास वारंवार आढळला म्हणून हे नाव त्याला चिकटले.

निदानाचा क्रम ठरलेला आहे. आधी एमआरआय, मग पोकळ सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया. साधी गाठ समजून ती घाईने कापल्यास रोगपेशी भोवती सांडण्याचा संभव असतो. सूक्ष्मदर्शकाखालीही हा रोग इतर अर्बुदांसारखा भासतो. तेव्हा निर्णायक साक्ष देतात ती गुणसूत्रे. एक्स आणि १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल या रोगात जवळजवळ नेहमीच सापडते.

श्रोत्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की, ५ सेंटिमीटरांहून मोठी, खोलवर रुजलेली किंवा वाढत जाणारी गाठ, दुखो वा न दुखो, तज्ज्ञाला दाखवलीच पाहिजे. वेदना नसणे हा निरोगीपणाचा दाखला नव्हे.